तू ड्रम शोधतेयस की ड्रमर?

यावेळचं पत्र जरा थोडक्यात करून देतो:

"दादा, मी घरीच गाणी रेकॉर्ड करते. गिटार माझी, आवाज माझा, ड्रम मात्र कॉम्प्युटरचे, कारण मला वाजवता येत नाहीत आणि आमच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारच्यांची शिंकसुद्धा माझ्या माइकमध्ये येते. आत्तापर्यंत फुकटच्या सॅम्पल्सवर (खऱ्या ड्रमच्या रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांवर) भागवलं, पण ड्रम सुरू झाले की टाइपरायटर सुरू झाल्यासारखं वाटतं. आता थोडे पैसे साठवलेत. सुपिरिअर ड्रमर ३, इझीड्रमर ३ आणि अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २ या तीन ड्रम वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेय. भाऊ म्हणतो घ्यायचंच तर सगळ्यात मोठं घे, नंतर पस्तावशील. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि डिस्कवर ४० जीबी मोकळी. आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट पण घ्यावं लागेल का? एक गाणं आणि त्याची मिडी सोबत जोडलीय. — ग्रिडमध्ये अडकलेली"

ग्रिडमध्ये अडकलेली,

तुझी फाइल उघडली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि झोपलो अडीचला, त्यामुळे आता हे उत्तर लांबलं तर तक्रार करायची नाही.

आधी गाणं. गाणं छान आहे. दुसऱ्या कडव्यात तू आवाज एकदम खाली आणतेस ती जागा तर फारच आवडली, आणि नेमकं तिथेच ड्रम मात्र आपल्याला काही ऐकूच आलं नाही अशा थाटात तस्सेच धडधडत राहतात. टाइपरायटर म्हणालीस ते अगदी बरोबर.

मिडी, म्हणजे आवाज नव्हे तर कुठला ठोका कधी आणि किती जोरात एवढीच नोंद असलेली फाइल, जोडलीस हे फार बरं केलंस, लोक नुसती ऑडिओ पाठवतात आणि मग मी अंदाजपंचे बोलत बसतो. उघडून बघितलं तर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा असलेला कडक आवाजाचा ड्रम), हाय-हॅट (एकमेकांवर आपटणाऱ्या दोन झांजा), सगळ्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १००. अगदी सगळ्यांची. मिडीमध्ये ती १ पासून १२७ पर्यंत असते, म्हणजे तुझ्याकडे एवढा मोठा जिना आहे आणि तू एकाच पायरीवर उभं राहून अख्खं गाणं काढलंयस. वर प्रत्येक ठोका ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवरच्या तालाच्या चौकटीला, फेव्हिकॉलने चिकटवलेला, आणि चार बारचा (तालाच्या चार आवर्तनांचा) एकच तुकडा बावीस वेळा पेस्ट केलेला (मोजले मी, करायला दुसरं काही नव्हतं).

मग एक उद्योग केला. माझ्याकडे जी सगळ्यात अवाढव्य लायब्ररी आहे तिच्यातून तुझी तीच मिडी जशीच्या तशी वाजवली. काय झालं सांगू? टाइपरायटरच राहिला, फक्त भारीतला टाइपरायटर. त्यानंतर उलटं केलं, एक फुकटचं साधं किट लावलं आणि तुझ्या मिडीत वीसेक मिनिटं हात घातला. हाय-हॅटचा एक ठोका जोरात आणि पुढचा हळू, स्नेअरच्या मधल्या जागांमध्ये ३०-३५ व्हेलॉसिटीचे अगदी पुसट ठोके ज्यांना ड्रमर लोक घोस्ट नोट म्हणतात, दुसऱ्या कडव्यात स्नेअर काढून नुसता रिमवरचा (ड्रमच्या कडेवरचा) टक्-टक् ठेवला, आणि कोरसला हाय-हॅटऐवजी राइड, म्हणजे मोठी झांज, दिला. बायकोने पलीकडच्या खोलीतून विचारलं, हे कोणी वाजवलंय? तिला संगीतातलं फार कळतं असं नाही, पण म्हणूनच तिच्या कानावर माझा विश्वास जास्त आहे.

म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं असं मला म्हणायचंय का, तर नाही. तू ड्रमर नाहीस, तुला हे माहीत असायचं कारणच नाही. पण यातून तुझ्या प्रश्नाचा रोख बदलतो ना. तू विचारतेयस कोणत्या सॉफ्टवेअरचे ड्रम चांगले, तर या तिघांचेही चांगलेच आहेत, कुठलंही लावलंस तरी ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळणार नाही. तुला कमी पडतोय तो ड्रमर. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना त्यात किती जीबीचे आवाज आहेत हे बघण्याआधी त्यात वाजवणारा किती आहे ते बघ.

आता हे वाजवणारा म्हणजे काय ते सांगतो. या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि जाहिरातीत त्या एकत्र कालवलेल्या असतात. एक म्हणजे आवाज: खऱ्या स्टुडिओत, खऱ्या किटवर, हळू ते जोरात असे शेकडो ठोके रेकॉर्ड करून ठेवलेले. दुसरं म्हणजे ग्रूव्ह, म्हणजे खऱ्या ड्रमरने वाजवलेल्या मिडी, ज्यात त्याच्या हाताचं कमी-जास्त, थोडं पुढे-मागे, सगळं आलेलं असतं. ज्याला ड्रम वाजवता येतात, किंवा जो एकेक ठोका माऊसने लिहायला बसतो आणि त्यात त्याला मजाही येते, त्याने आवाजांवर पैसे घालावेत. तुझ्यासारखी जिचं डोकं गाण्यात आणि चालीत असतं तिने ग्रूव्हवर.

या बाबतीत इझीड्रमर मला तुझ्यासाठी सगळ्यात सरळ वाटतो. त्यात एक सोय आहे, टॅप टू फाइंड, तू माऊसने किंवा कीबोर्डवर साधारण कसा ठेका हवाय ते ठोकून दाखवायचं आणि तो त्याच्या जवळपास जाणारे ग्रूव्ह शोधून देतो. हे दुसऱ्या आवृत्तीपासून आहे, २०१४ पासून. २०२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत बँडमेट म्हणून भर पडली, तुझ्या गिटारची ऑडिओ फाइल ओढून त्यात टाकलीस की तिच्या ठेक्याला जुळतील असे ग्रूव्ह सुचवतो. सुचवलेलं सगळंच बरं असतं असं नाही, दहातले सहा-सात मी हसून सोडून देतो, पण उरलेल्यांमधला एखादा असा निघतो की जो मला स्वतःला सुचला नसता, आणि ड्रमर बँडमध्ये असतो तो त्याचसाठी तर असतो.

अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स पण वाईट नाही हां. त्याचे तयार प्रीसेट आधीच मिक्स केलेले असतात, लावले की लगेच गाण्यात बसतात, आणि प्रोग्राम अंगाने हलका आहे. किट वेगवेगळ्या पॅकमध्ये मिळतात त्यामुळे तुला हवं तेवढंच घेता येतं. रॉक-पॉपच्या ठसठशीत आवाजाकडे त्याचा कल जरा जास्त आहे असं माझं मत, तुझं गाणं त्यामानाने नाजूक आहे, पण त्याची डेमो फुकट मिळते तेव्हा माझ्या मतावर जाऊ नकोस, ऐकून ठरव.

आता भावाचं "सगळ्यात मोठं घे". भावाला माझा नमस्कार सांग आणि ही गोष्ट ऐकव. काही वर्षांपूर्वी मी पण हाच शहाणपणा केला होता. एक भलीमोठी लायब्ररी घेतली, दोन रात्री डाउनलोड चालू होतं, मग जुनी फिरणारी हार्ड डिस्क भरली म्हणून नवीन डिस्क, मग रॅम पुरेना म्हणून रॅम, आणि हे सगळं झाल्यावर मी तीन आठवडे नुसता स्नेअर निवडत होतो. हा जरा कोरडा, तो जरा लाकडी, याची शेपूट लांब, त्याचा वरचा माइक छान. तीन आठवड्यांत एक गाणं पूर्ण झालं नाही. शेवटी जो स्नेअर लावला तो उघडल्यावर आपोआप येणाराच होता.

सुपिरिअर ड्रमर ३ हे अप्रतिम काम आहे यात शंकाच नाही, बेल्जियममधल्या गॅलक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसेनबर्ग यांच्यासारख्या नावाजलेल्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने रेकॉर्ड केलेलं आहे. पण त्याचा पूर्ण पसारा २३० जीबीच्या वर जातो आणि तुझ्याकडे मोकळी जागा ४०. भागाभागांनी टाकता येतं हे खरं, सगळं घ्यायची सक्ती नाही, पण मग निम्म्याहून जास्त घर कुलूप लावून ठेवायचं आणि भाडं मात्र पूर्ण घराचं भरायचं, कशाला? त्यातल्या कितीतरी जीबी म्हणजे खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले माइक, सराउंडसाठी (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजासाठी) लावलेले माइक, एका माइकमध्ये गळालेला दुसऱ्या ड्रमचा आवाज वगैरे. चित्रपटाचं मिक्स करणाऱ्याला हे सोनं आहे. आणि त्यात बरेच आवाज मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात, म्हणजे ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणं), कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज एका पातळीजवळ आणणं), रूम (खोलीचा घुमारा) किती ठेवायची हे सगळं तू करायचं. बीएफडी नावाच्या आणखी एका ड्रम सॉफ्टवेअरचं पण साधारण असंच. ज्याला मिक्सिंगची खाज आहे त्याला स्वर्ग. तुला आहे का? पत्रावरून तरी वाटलं नाही.

आणि पस्तावायचं म्हणशील तर त्यातही एक पळवाट आहे. इझीड्रमर आणि सुपिरिअर एकाच कंपनीचे, टूनट्रॅकचे. इझीड्रमरसाठी घेतलेले जादा आवाजांचे पॅक पुढे सुपिरिअरमध्ये उघडतात. उलटं मात्र होत नाही, सुपिरिअरचे मोठे पॅक इझीड्रमरमध्ये चालत नाहीत. म्हणजे छोट्याकडून मोठ्याकडे गेलीस तर घेतलेलं वाया जात नाही.

पण थांब, लगेच पैसे काढू नकोस. आधी काही फुकटचं वापरून बघ आणि यावेळी माझ्या सांगण्याप्रमाणे बघ. एमटी पॉवर ड्रमकिट २ घे, उघडताना दरवेळी देणगी मागतं, ते पुढे ढकललं की झालं, आवाज तयार मिक्स केलेला आहे आणि त्यात स्वतःचे ग्रूव्ह पण आहेत. स्टीव्हन स्लेट ड्रम्सची फुकट आवृत्ती आहे, एकच किट मिळतं पण दणकट आहे. तुझा लॅपटॉप मॅक असेल तर गॅरेजबँडमधला ड्रमर आधीच तुझ्याकडे आहे, आणि तो तर नावाप्रमाणेच ड्रमर आहे, तू फक्त जोर आणि गुंतागुंत किती हवी ते सांगायचं. लिनक्सवाली असशील तर ड्रमगिझमो बघ. या सगळ्यांतलं एकच उचल, सगळी नकोत, आणि त्याच्यावर तीन गाणी पुरी कर. माझा अनुभव असा की तिसऱ्या गाण्यापर्यंत आपल्याला नक्की काय खुपतंय ते बोट ठेवून सांगता येतं. तोपर्यंत आपण फक्त "मजा येत नाही" एवढंच म्हणत असतो.

डेमो बघायला बसलीस की त्यांचे तयार प्रीसेट आणि तयार गाणी ऐकू नकोस, ती सगळ्यांचीच झकास असतात. कंपनीने तुला गुंडाळण्यासाठीच बनवलेली असतात ती. स्वतःची मिडी लाव. स्नेअरचा एक ठोका घे आणि तो २०, ४०, ६० असं करत १२७ पर्यंत चढव. नुसता आवाज वाढतोय की आवाजाचा रंग पण बदलतोय? खरा ड्रम हळू मारला तर वेगळाच बोलतो, चामडं बोलतं, जोरात मारला की रिंग आणि तारा उसळून येतात. रंग बदलत नसेल तर आत एकच सॅम्पल आहे आणि ते मोठं-छोटं करून तुला खपवतायत. मग त्याच स्नेअरचे सोळा ठोके एकाच व्हेलॉसिटीवर भरभर लाव. चांगल्या लायब्ररीत एकाच जोराचे अनेक वेगवेगळे ठोके आळीपाळीने वाजतात, त्याला राउंड रॉबिन म्हणतात, ते नसेल तर मशीनगन ऐकू येईल, आणि मशीनगन एकदा ऐकू आली की ती कानातून जात नाही.

त्यानंतर हाय-हॅट. इथे मी जास्त वेळ घालवतो कारण बहुतेक गाण्यांत सगळ्यात जास्त वेळा वाजणारी वस्तू तीच असते आणि सगळ्यात आधी खोटी ती वाटते. बंद आणि उघडा एवढ्या दोनच अवस्था असतील तर तुझ्या नाजूक गाण्याला पुरणार नाहीत, मध्ये अर्धवट उघड्याच्या तीन-चार पायऱ्या तरी हव्यात. आणि क्रॅश (जोर देण्यासाठी मारायची झांज) एकदा मारून हात बाजूला ठेव, शेवटपर्यंत ऐक, नाद हळूहळू विरतो की कोणीतरी कात्रीने कापल्यासारखा तुटतो. सिम्बलचा, म्हणजे झांजेचा, नाद लांब असतो आणि लांब नाद म्हणजे जास्त मेमरी, हे दुखणं फार जुनं आहे. १९८० मध्ये रॉजर लिन यांनी एलएम-१ काढलं, खऱ्या ड्रमचे सॅम्पल वाजवणारं पहिलं ड्रम मशीन, त्यात क्रॅश आणि राइड नव्हतेच, कारण तेव्हा मेमरी एवढी महाग होती की तो लांबलचक नाद ठेवणं परवडायचं नाही. आता मेमरी स्वस्त झाली तरी काटकसर करायची झाली की कात्री अजूनही आधी सिम्बलवरच चालते.

आणखी एक, तुलना करताना सगळ्यांचा आवाज एकसारखा करून घे. जे मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, यात मी अजूनही फसतो.

लॅपटॉपचं थोडक्यात. ८ जीबी रॅमवर इझीड्रमर किंवा अ‍ॅडिक्टिव्ह आरामात चालतील, सोबत गिटार आणि आवाजाचे दहा-पंधरा ट्रॅक असले तरी. जड व्हायला लागलं तर ड्रमचा ट्रॅक फ्रीझ कर (तात्पुरता ऑडिओत बदल) किंवा कायमचा ऑडिओ करून टाक आणि प्लगइन (म्हणजे हे ड्रमचं सॉफ्टवेअर) बंद कर. इझीड्रमरची मूळ लायब्ररी पंधरा-वीस जीबीच्या घरात जाते, तुझ्या चाळीसमध्ये बसते पण डिस्क अगदी काठोकाठ भरू देऊ नकोस, जमलं तर एक बाहेरची एसएसडी घे आणि सगळे आवाज तिच्यावर ठेव. घेण्याआधी प्लगइनचा प्रकार पण तपास, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामांपैकी लॉजिक आणि गॅरेजबँडला एयू लागतो, प्रो टूल्सला एएएक्स, बाकी बहुतेक सगळीकडे व्हीएसटी चालतो.

आता ग्रूव्ह मिळाले म्हणून ते बावीस वेळा पेस्ट करायचे नाहीत, नाहीतर आगीतून फुफाट्यात. कडव्याला एक, कोरसला त्याच कुटुंबातला दुसरा, आणि दर आठ बारनंतर काहीतरी छोटं होऊ दे, एक किक जास्त, नाहीतर एक हाय-हॅट उघडा. मोठी फिल (दोन भागांच्या सांध्यावरचा ड्रमचा तुकडा) नकोच दरवेळी. आणि हाताने काही बदललंस तर माणसाला हात दोनच असतात हे विसरू नकोस. माझा एक मित्र ड्रमर आहे, त्याला मी एकदा माझं प्रोग्रामिंग मोठ्या अभिमानाने ऐकवलं. तो टेबलावर बोटांनी साथ करत होता, नवव्या बारला थांबला, काही बोलला नाही, नुसती तीन बोटं वर केली. मी क्रॅश, स्नेअर आणि हाय-हॅट एकाच वेळी मारले होते, तिसरा हात कुणाचा? तेव्हापासून क्रॅशच्या ठिकाणचा हाय-हॅट पुसणं हे माझं पहिलं काम. टॉमवर (किटमधल्या स्नेअरशेजारच्या ड्रमवर) फिल घेताना पण तसंच, दोन्ही हात टॉमवर गेलेत तर हाय-हॅट फार तर पायाने वाजेल.

ग्रिडवरून थोडं हलवायचं म्हणून ह्युमनाइजचं बटण दाबून मोकळं व्हायचं, हे मात्र मला पटत नाही. ते बटण सगळं आंधळेपणाने विस्कटतं, आणि ड्रमर विस्कटलेला नसतो, त्याची एक सवय असते. कोणी स्नेअर नेहमी किंचित मागे टाकतो आणि किक जागेवर ठेवतो. तू पण तेवढंच कर, किक ग्रिडवर राहू दे, स्नेअर सगळे मिळून आठ-दहा मिलिसेकंद मागे ओढ. तुझ्या गाण्याला ते शोभेल, मी करून बघितलंय.

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट? नको. शिकायची हौस असेल तर ती वेगळी गोष्ट, पण रेकॉर्डिंगसाठी म्हणून नको, आणि तुझ्या पातळ भिंतींना तर नकोच, कारण रबराच्या पॅडवर काठी आपटल्याचा आणि किकच्या पेडलचा धक्का शेजाऱ्यांना पोचतोच. पत्रात शेवटी (वर मी गाळलेल्या भागात) लिहिलंयस की एक छोटा २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आहे, तो पुरे. ३६ नंबरच्या नोटवर किक असते, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट, ४६ वर उघडा, हे बहुतेक सगळीकडे सारखंच आहे, हाय-हॅटच्या बाकीच्या जागा मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वेगळ्या, त्यामुळे एकाची मिडी दुसऱ्यात टाकताना मॅप (कुठल्या नोटवर काय वाजतं ती यादी) बदलायला विसरू नकोस. आधी किक-स्नेअर दोन बोटांनी वाजवून रेकॉर्ड कर, मग परत मागे जाऊन हाय-हॅट. बोट पट्टीवर पडल्यापासून आवाज यायला उशीर होत असेल तर बफर (कॉम्प्युटर आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्यात हाताळतो तो) कमी कर, ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद होतात, १२८ म्हणजे ३ च्या आसपास, त्यात इंटरफेसचा (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) थोडा उशीर वर मिळव. वाजवताना कमी ठेव, मिक्स करताना परत वाढव.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस तरी सांगतो. सगळे ड्रम सॉफ्टवेअरचे झाले की एक शेकर घे, नसेल तर छोट्या बंद डब्यात थोडी वाळू भर, आणि तुझ्या माइकसमोर उभं राहून कोरसभर स्वतःच्या हाताने वाजव. दोन-तीन मिनिटांत हात भरून येईल, थोडं मागे-पुढे होईल, होऊ दे. ड्रमच्या खाली अगदी हळू ठेव, इतका की तो आहे हे कळायच्या आधी तो नाही हे कळायला हवं. फक्त तो तरी क्वांटाइज करून ग्रिडला चिकटवू नकोस.